एम.बी.ए.चे कर्ज : हप्ता सोयाबीनमध्ये मोजून बघा

माती परीक्षणाचा कागद समजून घ्यायला परवा एक शेतकरी माझ्याकडे आले होते. कागद बघून झाला तसे त्यांनी पिशवीतून एका कॉलेजचे रंगीत माहितीपत्रक काढले. पोरगा बी.कॉम. झालाय. सीईटीत गुण कमी पडले, म्हणून कॉलेज व्यवस्थापन कोट्यातून एम.बी.ए.ची जागा देतेय. वसतिगृहासह दोन वर्षांचे ८ लाख. ‘साहेब, बँक कर्ज देते म्हणते. घ्यावं का?’

मी पदविकेचा माणूस, एम.बी.ए. काही केलेले नाही. पण ठिबक असो की शेडनेट, कर्ज काढण्याआधी आपण जमाखर्च मांडतोच ना? तोच इथे मांडू.

समजा, ८ लाख कर्ज ११ टक्के व्याजाने घेतले आणि बँकेने वर्षाला ४ लाख याप्रमाणे दिले. शिक्षणाची दोन वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र चालूच असते. या तीन वर्षांत सरळव्याजाने २ लाख २० हजार साचतात. हप्ता सुरू होतो तो १० लाख २० हजारांवर. दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याला सुमारे १४ हजार. एकूण फेड १६ लाख ८६ हजार. मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता साडेअकरा हजारांवर येतो, पण फेड जाते २१ लाखांच्या घरात.

आता हाच हप्ता आपल्या मापाने मोजा. वर्षाचे १ लाख ६८ हजार झाले. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे साडेएकतीस क्विंटल. एकरी ८ क्विंटल धरले तर चार एकरांचे सगळे सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर आणि बी-खताचा खर्च न वजा करता. दहा वर्षे!

पोरगा कमावेल की, असे तुम्ही म्हणाल. कमावेल. पण किती? माहितीपत्रकात ‘पॅकेज’ असते, ते वर्षाचे आणि कंपनीच्या खर्चाचे असते. ३ लाख ६० हजारांचे पॅकेज म्हणजे महिना ३० हजार हातात, असे समजू नका. कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा, ग्रॅच्युइटी, त्याचा स्वतःचा वाटा, व्यवसाय कर वजा जाता २५ हजारांच्या आसपास राहतात. हप्ता भरला की ११ हजार. त्यात पुण्यात खोली, मेस, गाडीचे पेट्रोल. मग घरून गहू-डाळ पाठवायची पाळी येते.

आणखी एक. ठिबकचा फायदा काढताना आपण सगळे उत्पादन धरत नाही, वाढीव उत्पादन धरतो. इथेही तसेच. हा मुलगा एम.बी.ए. न करता आज १५ हजारांवर लागला असता, तर तीन वर्षांत १८-१९ हजारांवर गेला असता. म्हणजे पदवीने वाढले ६ हजार, हप्ता १४ हजारांचा. शिवाय दोन वर्षांचा बुडालेला पगार, साडेतीन लाख, तो कुणीच धरत नाही. पगार पुढे वाढतो हे खरे, पण तोवर तूट कोण भरणार?

म्हणून कॉलेजला ‘सर्वात जास्त पॅकेज किती’ हे विचारू नका. विचारा, साठ मुलांपैकी किती लागली? आणि पगाराप्रमाणे ओळीत उभी केली तर तिसाव्या मुलाला किती मिळतात? अहमदाबादच्या आयआयएमसारख्या संस्थेचे शुल्क २५ लाखांच्या पुढे आहे, तरी तिथे कर्ज काढणे परवडते. कारण तिथला हा मधला आकडाच मोठा असतो आणि नोकरभरतीचा अहवाल तपासून छापलेला असतो. जिथे उत्तर टाळतात, तिथून मुकाट्याने उठावे.

याचा अर्थ एम.बी.ए. करूच नये, असा नाही. सीईटीचे गुण घेऊन शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून जागा मिळाली, तर गणितच पालटते. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातील मुलींना तर २०२४ पासून पूर्ण शुल्कमाफी आहे. व्यवस्थापन कोट्याला यातले काही नाही. वर्षाला सव्वा लाख शुल्क धरा, निम्मे शासनाने भरले, तर दोन वर्षांचे सव्वा लाखच उरतात. राहण्या-जेवणाचे धरूनही कर्ज तीन-साडेतीन लाखांत भागते. आणि ४ लाखांपर्यंत बँका तारण मागत नाहीत. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि संस्था नॅक वा एनबीए मान्यतेची असेल, तर शिकतानाचे व्याज केंद्राच्या अनुदानातून मिळण्याची सोय आहे. त्याची बँकेत आधीच चौकशी करा.

साडेसात लाखांच्या वर सहसा तारण लागते. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर जप्ती आणता येत नाही, म्हणून बँका जमिनीला कुरकुर करतात आणि राहते घर किंवा प्लॉट मागतात. बापाची सही सहकर्जदार म्हणून असते. हप्ता थकला तर सिबिल बापाचेही बिघडते, मग पेरणीच्या तोंडावर पीककर्जासाठी बँकेत किती खेटे घालावे लागतात ते तुम्ही जाणता. आणि कर्जमाफीची वाट बघू नका. २०१७ आणि २०१९ या दोन्ही वेळच्या माफीत शैक्षणिक कर्ज नव्हते.

त्या शेतकऱ्यांनी हिशेबाचा कागद घडी करून खिशात घातला. मुलगा सध्या तालुक्याला एका कृषी सेवा केंद्राचे हिशेब बघतोय, पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी देणार आहे.

तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना एकच विनंती. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअरसाठी मुले ऐन प्रवेशाच्या वेळी रांगा लावतात आणि एका कागदापायी निम्मे शुल्क जाते. ग्रामसभेत आधीच सांगा, कागद उन्हाळ्यातच करून घ्या म्हणावे.