पच्चक्खाण घेण्याआधी गोळ्यांचा डबा उघडा



चातुर्मास जवळ आला की स्थानकात एकच चर्चा असते, यंदा कोणाची अठाई, कोणाचे एकासणे? आमच्या घरी मात्र गेल्या वर्षापासून आधी गोळ्यांचा डबा उघडला जातो.

सासूबाईंना एट्रिअल फिब्रिलेशन आहे. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. उपचारांनी ठोके ताळ्यावर आले होते. "आता बरी आहे मी," म्हणत त्यांनी पर्युषणात अठाई धरली आणि कोणाला न सांगता रक्त पातळ करणारी गोळी सोडली. सहाव्या दिवशी सकाळी हातातली माळ गळून पडली, जीभ अडखळली. वेळेत दवाखान्यात नेले म्हणून वाचल्या. उजवा हात अजून पूर्ण साथ देत नाही. दोष त्यांच्या एकट्यांचा नाही. मी पारण्याच्या तयारीत होते, गोळीचे विचारलेच नाही.

ठोके सुधारले म्हणजे धोका संपला असे नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळते आणि गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात होतो. या आजारात तो धोका सुमारे पाचपट असतो. ती गोळी ठोक्यांसाठी नसते, गुठळीसाठी असते.

आपल्या नियमांचाही तिच्याशी संबंध येतो. वॉरफेरिन चालू असेल तर पालेभाज्यांमधल्या व्हिटॅमिन के मुळे तिचा असर कमी होतो. चातुर्मासात आपण पालेभाजी सोडतो, नंतर मेथी-पालक पुन्हा सुरू करतो. दोन्ही वेळा आयएनआर तपासून घ्यायला हवा. रिव्हारॉक्साबॅनची रोजची मोठी गोळी जेवणासोबतच घ्यायची असते, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असेल तर नाशिकच्या हिवाळ्यात नवकारसी आठच्या सुमारास आणि चौविहार सहाला, म्हणजे मध्ये एकदा दहा तास आणि एकदा चौदा. हे वेळापत्रक डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यांना आपोआप कळत नाही. पाणी कमी पडले की शरीरातले क्षार बिघडतात आणि ठोकेही पुन्हा बिघडू शकतात.

मग तप सोडायचे का? मुळीच नाही. बाह्य तपाचे सहा प्रकार आहेत, अनशन त्यातला फक्त पहिला. दुसरी उणोदरी, चौथा रसत्याग. दोन घास कमी आणि तूप-साखर बंद, हे वजन आणि साखर दोन्हींना हिताचे. वजन, रक्तदाब, साखर आटोक्यात ठेवली तर हा आजार उलटण्याची शक्यता कमी होते. पापड, शेव, लोणचे यांचे मीठही त्यात मोजा. झोपेत जोरात घोरणे असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

पच्चक्खाणातही आगार आहेत. तीव्र आजारात चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषधाची मोकळीक त्यात आहेच. रोजच्या गोळीचे महासतीजींना आधीच विचारा, पण लपवून सोडू नका.

माझे मत स्पष्ट आहे. अठाई करणाऱ्यांची आपण वाजतगाजत अनुमोदना करतो. डॉक्टरांचे ऐकून उपवास न करणाऱ्या आजीकडे मात्र "यंदा काही नाही का?" असे बघतो. ती नजर बदलली पाहिजे. ती आजी मोह सोडते आहे, तेही तपच.

आणि चेहरा वाकडा झाला, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर मालिश-काढा करत बसू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

कोणाचे मन दुखावले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.