पोलिसाला बोलावीन हं!

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीची पहाट. आमच्या शेजारच्या घरात चार वर्षांचे एक चिरंजीव उटणे लावून घ्यायला तयार नव्हते. आईने गोडीने सांगितले, आजीने चिरोट्याचे आमिष दाखवले, आणि शेवटी घरोघरच्या मातांचे ते ठेवणीतले अस्त्र बाहेर आले : "मुकाट्याने पाटावर बसतोस, की पोलिसाला बोलावू?"

योग असा की त्याच क्षणी आमचे फाटक वाजले आणि खाकी गणवेशातला एक पोलीस अंगणात आला. चिरंजीवांनी एकदाच त्याच्याकडे पाहिले आणि थेट पाट गाठला. दोन्ही घरे पोट धरधरून हसली. मीही हसलो. हसला नाही तो फक्त पोलीस. रात्रभर बाजारपेठेत बंदोबस्ताला उभा राहून, घरी जाण्याआधी दिवाळीचा नमस्कार करावा म्हणून तो माझ्याकडे आला होता. माझा जुना विद्यार्थी. पायरीवर बसून बुटाची नाडी सैल करता करता तो एवढेच म्हणाला, "सर, मी काय केलंय हो त्या पोराचं?"

वाचकहो, मला भांडायचे आहे ते या प्रश्नावरून. आणि आधीच सांगून टाकतो, की भांडण पोलिसांशी कमी आणि तुमच्या-माझ्याशी जास्त आहे.

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि वर चित्रकलेची पदविका. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, त्या प्रकाशकाच्या माळ्यावर सुखरूप आहेत. कायद्याचे मला जे कळते ते या मुलाच्या वह्यांतून आणि नंतर कुतूहलाने जे चाळले त्यातून. पण एक गोष्ट मला कुणी शिकवायला नको, ती म्हणजे हाताला सवय कशी लागते. मूल सरळ रेघ काढायला शिकते ते व्याख्यान ऐकून नव्हे. रोज शंभर रेघा ओढून. हात जे रोज करतो तेच हाताला येते. माझे सारे म्हणणे या एका रेघेवर उभे आहे.

हा मुलगा सातवीत माझ्या वर्गात होता. हाडाचा गरीब, बोलताना जमिनीकडे पाहणारा. घरी दोन एकर कोरडवाहू. बारावीनंतर तीन वर्षे पहाटे उठून सोळाशे मीटर धावला, गोळा फेकला, सामान्यज्ञानाची पुस्तके पाठ केली. पोलीसभरती म्हणजे आज खेड्यातल्या पोरांची पंढरीची वारीच झाली आहे. 2024 च्या भरतीत सतरा हजारांवर जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते. पात्रता बारावीची, पण रांगेत पदवीधर आणि अभियंतेही होते. याचा नंबर लागला तेव्हा गावाने त्याची मिरवणूक काढली आणि त्याला नऊ महिन्यांसाठी एका प्रशिक्षण केंद्रात धाडून दिले. ते कुठले, हे सांगण्याची गरज नाही. त्याने जे सांगितले ते ऐकताना मला कुठलीही इमारत दिसत नव्हती, माझाच वर्ग दिसत होता.

पहाटे साडेचारला बिगुल. पाच मिनिटांत फॉल-इन. मग पी.टी., मग कवायत. कवायतीचे हुकूम हिंदीत, शिव्या मात्र मातृभाषेत. पहिल्या आठवड्यात टाचेचे फोड फुटून मोज्याला चिकटले. एकाची काठी हातून सुटली तर शिक्षा साऱ्या तुकडीला. या शिक्षेला तिथे 'रगडा' म्हणतात. खडीवर कोलांट्या, कोपरांवर सरपटणे, रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या. न्याहारीनंतर वर्ग भरत आणि वर्गात ही दमलेली पोरे बसल्या बसल्या झोपत. शिकवणारे बिचारे भले. ते म्हणत, "झोपा, पण टिपणं उतरवून घ्या."

"आणि उस्ताद?" मी विचारले.

"उस्ताद वाईट नव्हते, सर. दिवसा रगडायचे आणि रात्री बॅरेकमध्ये येऊन स्वतः पाय बघायचे. एकदा माझ्या टाचेला त्यांनी हळद-तेल लावलं. म्हणाले, मला याच्यापेक्षा जास्त रगडलं होतं."

या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबलो. तुम्हीही थांबा. मला जास्त रगडले होते, म्हणून मी तुला रगडतो. आणि तुला रगडले, म्हणून उद्या तू कुणाला?

कष्टाविरुद्ध माझी तक्रार नाही. ज्याला दंगलीत बारा-बारा तास उभे राहायचे आहे त्याचे पाय पोलादाचेच हवेत. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे नुसत्या लाठीनिशी पुढे झाले आणि त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी छातीशी धरली. ती छाती आणि ते धैर्य कुणाची थट्टा करण्याचा विषय नव्हे. पण कष्ट वेगळे आणि मानखंडना वेगळी. धावण्याने दम वाढतो. आईवरून शिवी ऐकून कोणता स्नायू बळकट होतो, हे मला कुणी सांगावे.

त्याने मला वही दाखवली. अक्षर अजूनही वळणदार. अटकेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात 1996 च्या डिसेंबरात घालून दिलेली अकरा बंधने त्यात क्रमवार लिहिली होती : अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा पंचनामा जागच्या जागी हवा, नातेवाइकाला कळवायला हवे, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. पुढच्या पानावर होते, की साक्षीसाठी बाईला ठाण्यावर बोलवायचे नाही, तिच्या राहत्या घरी जायचे. (हे पान वाचणाऱ्या किती भगिनींना हा आपला हक्क ठाऊक आहे?) आणि त्याखाली तांबड्या शाईने अधोरेखित केलेले वाक्य, की पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हे 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही आहे. म्हणजे दीडशे वर्षे कायदा सांगतो आहे, की मारून वदवून घेतलेले बोलणे कोर्टाच्या पायरीशी कवडीमोल ठरते. तरी कोठडीत हात उठतोच. का? तपास म्हणजे काय, तो कसा करावा, हे हाताला शिकवलेले नसते, आणि रगडा मात्र हाताला पाठ असतो.

"अकराच्या अकरा पाठ केले, सर. परीक्षेत पुरे मार्क पडले. पण ठाण्यावर एखादी बाई रडत आली तर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते एकदाही करून घेतलं नाही. सलाम मात्र रोज दोनशे वेळा करून घेतला."

तुम्ही म्हणाल, हे एका केंद्राचे, एका तुकडीचे. असेल. दुसरीकडे याहून चांगले चालत असेल, तर मला आनंदच आहे. पण मूळ साचा जुना आहे. 1857 च्या उठावानंतर इंग्रजाने 1861 चा पोलीस कायदा केला तो आयर्लंडच्या पोलीस दलाचा नमुना पुढे ठेवून. म्हणजे जित लोकांना धाकात कसे ठेवावे याचा नमुना. 1902 साली नेमलेल्या फ्रेझर आयोगाने पोलिसांची लक्तरे वेशीवर टांगली आणि शिक्षणशाळा काढा म्हणून सांगितले. 1906 मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला शाळा निघाली, 1909 मध्ये ती नाशिकला गेली, आणि तिथेच आज महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. स्वराज्य आले. मुंबई राज्याने 1951 मध्ये स्वतःचा पोलीस कायदा केला. 1977 साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग बसला, त्याने 1981 पर्यंत आठ अहवाल दिले. 2006 साली प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तपास आणि बंदोबस्त यांची माणसे वेगळी करा, तक्रारींसाठी प्राधिकरण नेमा. कागद कमी पडले असे कुणालाही म्हणता येणार नाही. पहाटेचे मैदान मात्र कागदावर चालत नाही.

आमचे एक मामा आहेत, झोपाळ्यावर बसून देश चालवतात. हे सारे ऐकून ते म्हणाले, "मग काय पोलिसानं हात जोडून उभं राहायचं? चोर काय सत्यनारायणाला येतात ठाण्यावर?" टाळी पडली. पण मामा, ठाण्याची पायरी चढणाऱ्यांत चोर किती आणि ज्याच्या घरी चोरी झाली तो किती, हे कधी मोजलेत? ज्याची सायकल गेली, जिचा नवरा मारतो, ज्याची पोरगी संध्याकाळी घरी आली नाही, ती माणसे तिथे जातात. आणि त्यांतला जो फाटका असतो त्याला पहिला शब्द ऐकू येतो तो 'ए'. मामा गेले तर 'या, बसा'. म्हणून मामांना सत्यनारायण सुचतो.

याच मामांनी 2019 च्या डिसेंबरात पेढे वाटले होते. हैदराबादजवळ चार संशयितांना पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि लोकांनी पोलिसांवर फुले उधळली, तेव्हाची गोष्ट. गुन्हा भयंकर होता. संताप माझाही झाला होता. पण न्यायमूर्ती शिरपूरकरांच्या आयोगाने 2022 साली अहवाल दिला, की चकमकीची पोलिसांनी सांगितलेली हकिगत विश्वासार्ह नाही, आणि संबंधित पोलिसांवर खटले भरावेत. त्या दिवशी मात्र कुणी पेढे परत मागितले नाहीत. आपण फुले उधळली म्हणजे वहीतल्या अकराच्या अकरा ओळींवर आपल्या हाताने काट मारली. कवायतीच्या मैदानावर एका उस्तादाने शिकवले नसेल इतके त्या फुलांनी शिकवले.

आता जे सांगायचे ते सांगायला मला जड जाते.

चहा झाल्यावर तो म्हणाला, "नोकरीवर लागून दुसरा महिना. जत्रेत एक म्हातारा फुगेवाला रस्ता सोडेना. त्याला ऐकू कमी येत होतं, हे मला नंतर कळलं. मी ओरडलो, ए थेरड्या! आणि हात वर गेला. सर, तो वर गेला ते मला नंतर समजलं. वर जाऊनच राहिला. फुगेवाल्यानं सवयीनं गाल पुढं केला होता."

मी म्हणालो, "केंद्रातल्या रगड्यानं केलं हे तुझं."

तो गप्प राहिला. मग जमिनीकडे पाहत, सातवीत बोलायचा तसाच, म्हणाला, "रागावू नका सर. पण रगडा मला जड गेला नाही. बाकीची पोरं पहिल्या आठवड्यात रडली. मला सवय होती. रंगपेटी आणली नाही म्हणून तुम्ही मला तासभर कोंबडा करून उभं केलं होतं. दोनदा."

मला आठवत नव्हते. आजही आठवत नाही. आणि तेच मला खाते आहे. ते 2013 साल असावे. मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास बंदी करणारा कायदा 2009 चा, 2010 पासून लागू झालेला. त्याचे परिपत्रक आमच्या शिक्षकांच्या खोलीत खिळ्याला लावलेले होते आणि त्याखाली माझी सही होती. दोन एकर कोरडवाहूच्या घरात रंगपेटी कुठून यावी, हे विचारायला मला सुचले नाही. माझ्या मास्तरांनी मला छडीने मारले होते. मी छडी वापरीत नाही, म्हणून मी स्वतःला सुधारक समजत होतो. मला जास्त रगडले होते! उस्तादाचे वाक्य, शब्दाला शब्द.

तेव्हा पोलिसांच्या शिक्षणात काय बदलावे, हे सांगण्याचा माझा अधिकार किती, हे वाचकांनी ठरवावे. तरी सांगतो. रोज दोनशे सलाम करून घेता ना, तर त्यांतले पन्नास कमी करा. त्या वेळात एकाला फुगेवाला करा, एकीला रडत आलेली बाई करा आणि पोरांकडून 'तुम्ही' म्हणवून घ्या. 'बसा, पाणी घ्या, काय झालं ते सांगा', हे शंभर वेळा, पाय दुखेपर्यंत, रेघेसारखे. पंचनामाही मैदानावर करून घ्या, मोडलेले कुलूप हातात देऊन. चुकले तर पुन्हा करायला लावा; शिवी नको. यात अधिवेशन बोलवावे असे काही नाही, आयोग नेमावा असेही नाही.

मामा म्हणतील, याने पोलिसाचा धाक जाईल. जाऊ द्या. धाकाने आजवर काय मिळाले? अपघातातल्या माणसाला दवाखान्यात नेताना आपण आधी विचार करतो, की पोलिसांचे लचांड मागे लागेल का. घरात चोरी झाली तर शेजारी म्हणतो, तक्रार करू नका, उगाच फेऱ्या माराव्या लागतील. आणि हा धाक आपण चार वर्षांच्या पोराला उटण्याबरोबर चोळतो. उद्या ते पोर जत्रेत हरवले, तर समोर खाकी दिसूनही ते उलट्या दिशेने पळेल. त्या माउलीने याचा विचार केला आहे का?

तो उठला. सौभाग्यवतींनी चकल्या आणि शंकरपाळे कागदात बांधून दिले. चौकीवर अजून दोघे होते, त्यांची पाळी दुपारी संपायची होती. एवढ्यात शेजारचे चिरंजीव न्हाऊनमाखून, नवा सदरा घालून, कुंपणाच्या फटीतून डोकावू लागले. धीर करून त्यांनी विचारले, "मला पकडनाल?"

तो गुडघ्यावर बसला आणि फटीपाशी तोंड नेऊन म्हणाला, "का बरं? तुम्ही काय केलंत?"