भोपळ्यातला दिवा आणि अतिशहाणा कॅमेरा

२०२४ साली नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले, ३१ ऑक्टोबरला. दिवाळीसाठी चुडाव्याला घरी होतो. पुतण्याने हट्टच धरला, म्हणून लाल भोपळा पोखरून डोळे-तोंड कोरलं, आत पणती ठेवली, धूर जायला वर भोक पाडलं आणि अंगणात पणत्यांच्या रांगेत बसवला. अंधारात काय झकास दिसत होता म्हणून सांगू! फोटो काढला, तर भोपळा भर दुपारी उन्हात ठेवल्यासारखा. आजी म्हणाली, "दिवा कुठाय रे बाबा यात?"

ही करामत नाइट मोडची. गूगलने नोव्हेंबर २०१८ मध्ये नुसत्या अपडेटमधून जुन्या पिक्सेल फोनवरही नाइट साइट दिलं होतं. पाठोपाठ अनेक फोटो घ्यायचे, ते एकमेकांवर जुळवायचे आणि अंधार उजळायचा. इंजिनियर म्हणून मला त्याचं कौतुकच आहे. पण मंडळी, प्रत्येक अंधार म्हणजे बग नव्हे!

उपाय सोपा आहे. फ्लॅश बंद, नाइट मोड बंद. फोन स्टुलावर टेकवा, ३ सेकंदांचा टायमर लावा. भोपळ्याच्या उजळ भागावर बोट ठेवा आणि एक्स्पोजर खाली ओढा. सूर्य मावळल्यावर आभाळ निळं असतानाच काढा.

सॉफ्टवेअर अपडेट जरूर करा. पण दहा वर्षांनी पुतण्याने फोटो पाहिला, तर त्याला त्या रात्रीचा अंधारही दिसला पाहिजे. त्याशिवाय पणतीला काय अर्थ?