कथेत अस्सल, वहीत अशुद्ध

गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या मुलाने निबंधात ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिले की मराठीचे शिक्षक त्याखाली लाल रेघ ओढतात. तेच शिक्षक रात्री कथा लिहावयास बसले, तर त्यांच्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘पानी’च येते आणि संपादक ते अस्सल म्हणून वाखाणतात! वहीत जे अशुद्ध, ते कथेत अस्सल कसे?

मराठी ग्रामीण साहित्याचा मोठा भाग अध्यापकांनीच लिहिला आहे. आनंद यादव पुणे विद्यापीठात मराठी शिकवीत, रा. रं. बोराडे प्राचार्य होते. ‘बारोमास’ या कादंबरीसाठी २००४ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळविणारे सदानंद देशमुखही अध्यापनाच्याच व्यवसायातले. यात नवल नाही. खेड्यातून शिकून बाहेर पडलेल्याला दोन्ही भाषा येतात. मात्र संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत, अशी वाटणी तो बहुधा करतो. म्हणजे खेडूत बोलतो, पण त्याच्याविषयीचा निर्णय शहरी मराठीत दिला जातो. आपल्याच कथेत तो पाहुणा ठरतो.

यादवांनी ‘गोतावळा’त (१९७१) ही वाटणी मोडली, तेथे नारबा हा शेतगडी सारी कहाणी स्वतःच्या बोलीत सांगतो. दूर कॅरिबियन बेटांवरील त्रिनिदादमध्येही हेच घडले. प्रथम वनखात्यात नोकरी केलेले आणि पुढे विद्यापीठात शिकविणारे अर्ल लव्हलेस यांनी १९८२ च्या कादंबरीत एका खेडूत बाईलाच निवेदन दिले. विषय होता, वसाहतीच्या सरकारने १९१७ पासून १९५१ पर्यंत कायद्याने बंद पाडलेली गोरगरिबांची उपासना. ही हकीकत साहेबाच्या इंग्रजीत सांगणे म्हणजे फिर्यादीचे म्हणणे आरोपीच्या वकिलाने मांडण्यासारखे झाले असते.

झाडीपट्टीच्या बोलीवर बंदीचा कायदा कधी झाला नाही. तिला लाल शाई पुरली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा चिकाटीने अभ्यास केला, तिच्यासाठी चळवळ उभी केली. परंतु बांधी, पऱ्हे, रोवणी हे धानाच्या शेतीतले शब्द पाठ्यपुस्तकाबाहेरच वाढलेल्या मुलाला ते ‘भाषेतले’ वाटत नाहीत.

परीक्षेला प्रमाण मराठी हवी, हे मान्यच. पण वहीत ‘पानी’ खोडण्याऐवजी शेजारी ‘पाणी’ लिहिले आणि दोन्ही शब्द तसेच राहू दिले, तर कोणत्या मंडळाचा कोणता नियम मोडतो? कथा लिहिणाऱ्या मास्तरांना तरी हे अवघड वाटू नये.