लष्कराच्या जुन्या गाड्या: तपासणीचे पैसे वेगळे घ्या



मिलिटरी डिस्पोजलची जिप्सी लिलावात घ्यायची, रंग मारायचा आणि विकायची, हा धंदा कसा वाटतो असं मला बरेच जण विचारतात. माझं मत स्पष्ट आहे. गाड्या घेऊन भांडवल अडकवू नका. ज्यांनी आधीच घेऊन ठेवल्यात त्यांच्या गाड्या दुरुस्त करा, आणि दोष शोधण्याचे पैसे वेगळे लावा.

मारुतीने जिप्सी १९८५ मध्ये आणली आणि २०१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी बंद केली. जबलपूरची जोंगा तर त्याच्या कितीतरी आधी थांबली. शौकिनांच्या दारातल्या गाड्या मात्र दरवर्षी आणखी जुन्या होणारच आहेत. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांची नोंदणी १५ वर्षांपुढे चालत नाही, त्या भंगारात जातात. संरक्षणाच्या खास गाड्यांना सूट आहे, पण धोरणाची दिशा बघा. लिलावाच्या भरवशावर दुकान कशाला टाकायचं?

आता दुरुस्तीचं. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "फोर व्हील लागत नाही, गिअरबॉक्स खोला." खोलू नका! आधी पुढच्या चाकांचे हब बघा. जिप्सीला पुढे फ्री-व्हीलिंग हब असतात. ते फ्रीवर असतील तर आतला लिव्हर कितीही ओढा, पुढची चाकं जोर घेणार नाहीत. हब लॉक केले की काम झालं. उलटंही होतं. फोर व्हील लावून कोरड्या डांबरी रस्त्यावर वळलं की गाडी अडखळते, आवाज करते. या गाड्यांना मधलं डिफरेन्शियल नसतं, त्यामुळे वळताना पुढच्या-मागच्या चाकांचा वेग जुळत नाही. गाडीत दोष काहीच नाही, कोरड्या रस्त्यावर टू व्हीलमध्ये चालवायची, एवढंच.

हे पाच मिनिटांत ओळखणाऱ्याला काय मिळतं? बहुतेक ठिकाणी एक चहा. म्हणून मग नको ते खोलून बिल वाढवायचा मोह होतो, आणि एकदा ते गिऱ्हाइकाला कळलं की तो दहा जणांना सांगतो.

वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी आणखी फसवी. टाकीत गंज, कार्बोरेटरच्या जेटमध्ये वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा, व्हील सिलिंडर जाम, उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग. एक निस्तरलं की दुसरं समोर येतं. तोंडी आकडा सांगितलात तर वरचा सगळा खर्च तुमच्या अंगावर. आणि इंजिन सुरू करायची कितीही घाई झाली, तरी आधी ब्रेक.

काही लष्करी गाड्यांना, विशेषतः रेडिओ बसवायच्या गाड्यांना, २४ व्होल्टची लाइन असते. मोजल्याशिवाय बाजारातला १२ व्होल्टचा हॉर्न लावलात तर तो जळणार. काही जण शक्कल काढून दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट घेतात. थोडे दिवस चालतं, मग एक बॅटरी उपाशी आणि दुसरी ओव्हरचार्ज. सरळ कन्व्हर्टर लावा.

कागद मात्र पाना हातात घ्यायच्या आधी बघा. माजी लष्करी गाडीच्या नोंदणीला फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर गाडी ठणठणीत होऊनही रस्त्यावर येणार नाही, आणि गिऱ्हाईक ती तुमच्याच अंगणात सोडून जाईल. बीबीएत याला वर्किंग कॅपिटल अडकणं म्हणतात. अंगणात ती गाडी रोज दिसते तेव्हा जास्त चांगलं समजतं.

तर तपासणीची फी ठरवा, बोर्डावर लिहा, आणि सापडलेले दोष कागदावर लिहून द्या, मग तो काम कुठेही करो. "काम दिलंत तर फी बिलातून वजा करतो" असं अजिबात म्हणू नका. तसं म्हटलंत की फी वसूल करायला काम काढावंच लागतं, आणि आपण परत त्या गिअरबॉक्सपाशी येतो. गिऱ्हाईक कुरकुर करेल. करू दे.

जोंगाच्या सुट्या भागांवर वेगळा व्हिडिओ करतोय, तो विषय मोठा आहे.