आधी प्रश्न, मग आलेख, मग साधन



भाद्रपद जवळ आला की आपल्या समाजात दशलक्षण पर्वाची तयारी आणि संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांची लगबग एकाच वेळी सुरू होते. ३१ मार्चला मिटलेले हिशेब लेखापरीक्षण होऊन सभासदांपुढे यायचे असतात. सहकारी संस्थांना तर ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावीच लागते. अलीकडे मंदिर ट्रस्ट, वसतिगृह, पतसंस्था यांचे बरेचसे हिशेब एक्सेलच्या तक्त्यात असतात आणि तरुण कार्यकर्ते ते सांभाळतात. हे तक्ते सभेत आलेखरूपाने दाखवावेत, ही त्यांची इच्छा स्तुत्य आहे. मात्र त्यांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो : ‘यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?’ माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. आकड्यांना आपण काय विचारणार, हा पहिला. त्या प्रश्नाला कोणता आलेख योग्य, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे मिळाली की साधनाची निवड फारशी अवघड राहत नाही.

आपल्याच भागातील उदाहरण घेऊ. कुपवाड नदीकाठी नसले तरी ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण कोणीही विसरलेलो नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी तेव्हा ५७ फुटांच्या पुढे गेली होती. तेथील इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पावसाळ्यात या पातळीचे आकडे मोबाइलवर सतत येत असतात. समजा, दर तीन तासांनी ३६.०, ३६.४, ३७.२ आणि ३८.४ फूट असे आकडे आले. वाचणारा शेवटचा आकडा पाहतो आणि इशारा पातळीला अजून दीड फुटाचा अवकाश आहे, असे म्हणून स्वस्थ बसतो. हेच आकडे रेषालेखात मांडून ४० आणि ४५ फुटांवर दोन आडव्या रेषा ओढल्या, तर आलेखाची रेषा प्रत्येक टप्प्याला अधिक उभी होत चालल्याचे दिसते. पाण्याबरोबर पाणी वाढण्याचा वेगही वाढतो आहे. जनावरे आणि धान्य आताच हलवले पाहिजे, हा निर्णय त्या चढावरून होतो. एवढा आलेख एक्सेलमध्ये काही मिनिटांत तयार होतो आणि शाळेतल्या आलेखकागदावर पेन्सिलीनेही काढता येतो. येथे महागड्या साधनाने काहीही अधिक साधले नसते.

आलेखाचे मुख्य प्रकार आपण शाळेत शिकलेलेच आहेत. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आकडे रेषांनी दाखवले. त्याच ग्रंथात स्तंभालेख आला आणि १८०१ मध्ये त्याने वृत्तालेखही वापरला. आजही बहुतेक कामे यांवरच भागतात. काळानुसार होणारा बदल पाहायचा असेल तर रेषालेख घ्यावा. निरनिराळ्या बाबींची तुलना करायची असेल तर स्तंभालेख. एका रुपयातले किती पैसे कोठे गेले, हे सांगायचे असेल आणि खर्चाचे भाग चार-पाचच असतील तर वृत्तालेख चालतो. भाग दहा-बारा झाले की तेथेही स्तंभच बरे. ‘कोठे’ हा प्रश्न असेल, म्हणजे कोणत्या गल्लीत किती पाणी आले किंवा शिष्यवृत्तीचे विद्यार्थी कोणत्या गावांतून येतात, तर नकाशा हवा. आणि आकडे चार-पाचच असतील तर साधा तक्ता पुरेसा आहे.

आता साधनांकडे वळू. वर्षातून एकदा अहवाल मांडणाऱ्या संस्थेला एक्सेल पुरते. ते विकत घ्यायचे नसेल तर लिबरऑफिस कॅल्क विनामूल्य आहे आणि संगणकावर इंटरनेटविना चालते. तीन-चार कार्यकर्ते एकाच तक्त्यावर निरनिराळ्या ठिकाणांहून काम करणार असतील तर गूगल शीट्स सोयीचे. संस्थेच्या संकेतस्थळावर नेटका आलेख द्यायचा असेल तर डेटारॅपर किंवा फ्लरिश यांच्यात तक्ता चिकटवून तो तयार करता येतो. कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लघुउद्योजकाची गरज वेगळी असते. त्याला रोजचे उत्पादन, नाकारलेला माल आणि येणे बाकी रोज सकाळी ताज्या आकड्यांसह पाहायची असते. तेथे पॉवर बीआय शिकण्याचे श्रम सार्थकी लागतात. त्याची डेस्कटॉप आवृत्ती विंडोज संगणकावर विनामूल्य मिळते, पण सहकाऱ्यांना खासगीरीत्या अहवाल दाखवायचे झाल्यास साधारणपणे सशुल्क परवाना लागतो. नकाशासाठी क्यूजीआयएस हे विनामूल्य आणि समर्थ साधन आहे. मात्र ते शिकायला वेळ द्यावा लागतो.

येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. ऑनलाइन साधनात तक्ता चढवला की तो आपल्या संगणकाबाहेर जातो. अशा काही साधनांच्या मोफत योजनेत आलेख प्रसिद्ध केला की त्यामागची माहितीही इतरांना पाहता येते. आपल्या तक्त्यांत देणगीदारांची नावे, मोबाइल क्रमांक, पॅन क्रमांक असतात. शिष्यवृत्तीच्या तक्त्यात विद्यार्थ्याच्या पालकांचे उत्पन्न असते. ज्याने गुप्तदान दिले, त्याचे नाव एका रंगीत स्तंभामागून जगाला दिसावे, हे कोणत्या धर्मात बसते? कायद्यानेही, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने, अशा माहितीची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाकली आहे. म्हणून आलेखासाठी केवळ बेरजांचा वेगळा तक्ता करावा. त्यात नावे, क्रमांक काहीही नसावे आणि तोच तेवढा बाहेर जावा.

दुसरी सावधगिरी सत्याची. समजा, एका संस्थेचे अन्नदान निधीचे संकलन गेल्या वर्षी ४ लाख ८० हजार होते आणि यंदा ५ लाख १० हजार झाले. वाढ सव्वासहा टक्के. आता स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी ४ लाख ७० हजारांपासून सुरू केला, तर पहिला स्तंभ १० हजारांच्या उंचीचा आणि दुसरा ४० हजारांच्या उंचीचा दिसतो. सभागृहात बसलेल्याला निधी चौपट झाल्याचा भास होतो. आकडा एकही खोटा नाही, तरी सभासदाच्या मनात असत्य उतरले. काही वेळा सॉफ्टवेअर असा अक्ष आपण होऊन निवडते. म्हणून स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासून आहे ना, हे कार्यकर्त्याने स्वतः तपासावे. त्रिमितीय वृत्तालेख तर टाळावेतच, कारण त्यात पुढे आलेला भाग आहे त्याहून मोठा भासतो. अहवाल काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर वाटला जाणार असेल तर रंगांवर विसंबू नये. स्तंभांवरच नावे आणि आकडे लिहावेत.

आपले आचार्य सांगतात की वस्तू अनेकधर्मी असते आणि एक नय तिची एकच बाजू सांगतो. आलेख हा असाच एक नय आहे. निधीची रेषा चढती असेल, पण खर्चाची रेषा तिच्याहून वेगाने चढत असेल तर पहिलीच दाखवून थांबणे हा एकांत झाला. म्हणून यंदाच्या अहवालासाठी माझी सूचना साधी आहे. एका पानावर दोन आलेख द्यावेत : गेल्या पाच वर्षांच्या जमा-खर्चाचा एक आणि यंदाच्या खर्चाच्या विभागणीचा एक. त्यांच्या खाली मूळ आकड्यांचा तक्ता अवश्य छापावा, म्हणजे ज्याला पडताळून पाहायचे आहे त्याला पाहता येईल. सभेपूर्वी ते पान हिशेब न कळणाऱ्या एखाद्या आजीबाईंना दाखवावे आणि यातून काय समजले, ते विचारावे. त्यांनी सांगितलेले आणि तक्त्यातले जुळले, तर नवे सॉफ्टवेअर घेण्याचे कारण नाही. ते पैसे अन्नदानाकडे वळवावेत.