कॅमेरा साक्षीदार, पंच नव्हे!

भांडण न होता संपलेला कबड्डीचा डाव तुम्ही कधी पाहिलाय का? आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर मुलं ओल्या वाळूत टाचेनं रेषा ओढतात. दोन-चार चढाया झाल्या की निम्मी रेषा पुसली जाते. मग सुरू होतं, "तो बाद झालो!" "नाय झालो! मी बघलंय!" दोघंही शपथ घ्यायला तयार. आणि गंमत म्हणजे दोघांपैकी कुणीच मुद्दाम खोटं बोलत नसतो. ज्यानं त्यानं आपापल्या बाजूनं पाहिलेलं असतं, एवढंच.

अशा वेळी एखादा हमखास म्हणतो, "टीव्हीवर असतं ना, तर लगेच कळलं असतं!"

खरंच कळलं असतं का? मोठमोठ्या स्पर्धांत एका मैदानाभोवती कितीतरी कॅमेरे असतात. मग तिथे तरी सगळा न्यायच होत असेल, नाही का? चला, आज जरा शोध घेऊ या.

सुरुवात करू कॅमेरा नव्हता तेव्हापासून. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकला गेले आणि कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या स्पर्धेत जपानच्या शोहाची इशीशी त्यांची कुस्ती बराच वेळ चालली. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोवशी लढायला उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण खाशाबांची बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. इशीला सुवर्ण मिळालं, मामादबेयोवला रौप्य आणि आपल्या खाशाबांना कांस्य.

त्या वेळी आपल्या देशात दूरदर्शन नव्हतंच. ते दिल्लीत सुरू झालं १५ सप्टेंबर १९५९ला. म्हणजे खाशाबांची कुस्ती गावाकडे कुणी पाहिली नाही. तरी गावानं काय केलं? खाशाबा परतले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्या जोडून त्यांची मिरवणूक काढली! पडद्यावर न दिसलेल्या पराक्रमाचंही मोल त्या माणसांना कळलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चाळीस वर्षं पुढे येऊ. नोव्हेंबर १९९२. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला भारताचा कसोटी सामना सुरू होता. जाँटी ऱ्होड्सनं चेंडू फेकला, यष्ट्या उडाल्या. सचिन तेंडुलकर धावबाद की नाबाद? मैदानावरच्या पंचांनी स्वतः निर्णय दिला नाही. त्यांनी खूण करून आत टीव्हीसमोर बसलेल्या तिसऱ्या पंचांना विचारलं. चित्र पुन्हा पाहून उत्तर आलं : बाद! टीव्हीचं चित्र पाहून तिसऱ्या पंचानं बाद दिलेला कसोटीतला पहिला फलंदाज म्हणजे आपला मुंबईचा सचिन. तुमच्या आईबाबांना विचारा, कदाचित आठवत असेल.

पण गोष्टीचा पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. त्याच दौऱ्यात पुढचा कसोटी सामना जोहान्सबर्गला झाला. तिथे हाच ऱ्होड्स धाव घेताना अडचणीत सापडला. या वेळी मैदानावरच्या पंचांनी तिसऱ्या पंचांना विचारलंच नाही, आणि नाबाद दिलं. टीव्हीवर पाहणाऱ्यांना दिसलं की तो बाद होता. ऱ्होड्स पुढे ९१ धावांपर्यंत पोचला!

पाहा हं, कॅमेरा दोन्ही ठिकाणी होता. डर्बनला त्याला विचारलं, जोहान्सबर्गला नाही विचारलं. म्हणजे कॅमेरा हा साक्षीदार आहे. साक्षीदार कितीही खरा असला तरी त्याला कुणी बोलावलंच नाही तर त्याचा काय उपयोग?

"मग प्रत्येक वेळी बोलवावं की!" असं तुम्ही म्हणाल. ठीक आहे. आता आपल्या लाडक्या कबड्डीकडे वळू.

१९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपासून कबड्डीत पदकं मिळू लागली. तेव्हापासून २०१४पर्यंत पुरुषांचं प्रत्येक सुवर्ण भारतानं जिंकलं. २०१८ला जकार्तात मात्र इराणनं आपल्याला उपांत्य सामन्यात हरवलं आणि सुवर्णपदकही नेलं. त्यामुळे पुढच्या स्पर्धेत, चीनमधल्या हांगझाऊला, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारत आणि इराण अंतिम सामन्यात समोरासमोर आले तेव्हा केवढी चुरस असेल! आपल्या महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदेही त्या संघात होते.

सामना संपत आला. गुण २८-२८. भारताचा पवन सेहरावत चढाईला गेला. गुण आणला नाही तर बाद, अशी ती चढाई. झटापटीत पवन कुणाला स्पर्श व्हायच्या आधीच लॉबीत गेला, आणि त्याच्यामागून इराणचे काही बचावपटूही लॉबीत गेले. लॉबी म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांचा पट्टा. स्पर्श झाल्याशिवाय तिथे पाय टाकायचा नसतो, हे खेळणाऱ्या मुलांना ठाऊकच आहे.

पंचांनी चित्र पाहिलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा पाहिलं. कोण आधी गेलं, कोण नंतर गेलं, सगळं दिसत होतं. तरीही निर्णय होईना! झाला की फिरे, फिरला की पुन्हा वाद. खेळाडू मैदानावरच बसून राहिले. सामना सुमारे तासभर बंद पडला.

असं का झालं असेल? कारण भांडण डोळ्यांचं नव्हतंच, नियमाचं होतं. एका नियमानुसार पवन बाद आणि त्याच्यामागून लॉबीत गेलेले बचावपटूही बाद. दुसऱ्या, नव्या नियमानुसार फक्त पवन बाद, बाकीचे सुरक्षित. एकच चित्र, पण नियम दोन, म्हणून उत्तरंही दोन. शेवटी जुना नियम धरला गेला, गुण भारताच्या बाजूनं आले आणि आपण सामना ३३-२९ असा जिंकलो.

सुवर्णपदक मिळालं, आपण टाळ्या वाजवल्या. वाजवायलाच हव्यात. पण एक क्षण इराणमधल्या तुमच्याच वयाच्या एखाद्या मुलाचा विचार करा. त्यानंही तेच चित्र पाहिलं. त्याला काय वाटलं असेल? निर्णय उलटा लागला असता तर आपल्याला काय वाटलं असतं? दोन्ही प्रश्नांची उत्तरं सारखीच येतात ना? मग चूक खेळाडूंची नव्हती. कोणता नियम लावायचा हे सामना सुरू होण्याआधी सगळ्यांना स्पष्ट नव्हतं, ही खरी चूक. काय घडलं ते कॅमेरा सांगतो. न्याय काय हे नियम सांगतो, आणि नियम आधी ठरवावा लागतो. आपण जिंकल्यानंतरही हे कबूल करता आलं, तरच आपल्याला खेळ कळला म्हणायचं.

आता साक्षीदाराची दुसरी बाजू पाहू. साक्षीदाराला दिसतं किती? त्याचं तोंड जिकडे वळवलं असेल तेवढंच! आणि ते कुणीकडे वळवायचं हे ठरतं कसं?

एक नाव सांगतो : मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. मग जिद्दीनं पोहायला लागले. ऑगस्ट १९७२मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला अपंग खेळाडूंची पॅरालिम्पिक स्पर्धा झाली. तिथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक जिंकलं. मुंबईचं दूरदर्शन केंद्र सुरू झालं त्यानंतर, २ ऑक्टोबर १९७२ला. ऑलिम्पिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळालं २००८ साली, अभिनव बिंद्रामुळे. त्याच्या छत्तीस वर्षं आधी एका मराठी सैनिकानं पॅरालिम्पिकचं सुवर्ण आणलं होतं! पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, आणि २०२४ला त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला तेव्हा कुठे बहुतेक घरांत त्यांचं नाव पोचलं.

"ते जुनं झालं," असं म्हणू नका. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताला ६ पदकं मिळाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेचं नेमबाजीतलं कांस्य तुम्हाला आठवतच असेल. काही आठवड्यांनी तिथेच पॅरालिम्पिक झालं, त्यात २९ पदकं मिळाली. तिथे अपंगत्वाच्या प्रकारानुसार वेगवेगळे गट असतात, त्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. पण त्यातली पाच नावं सांगा पाहू! सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीनं गोळा १६.३२ मीटर फेकून रौप्य मिळवलं, हे किती जणांना माहीत होतं?

हे कुणाच्या दुष्टपणामुळे होतं असं नाही. वाहिनी पैसे मोजून सामने दाखवण्याचे हक्क विकत घेते. ते पैसे जाहिरातींतून परत मिळवावे लागतात. आणि जाहिरातदार जातो जिथे जास्त डोळे लागलेले असतात तिथे. म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड फिरवणाऱ्या हातांत एक छोटासा हात आपलाही असतो : रिमोट धरलेला!

यावर सरकारनंही एक उपाय केलाय. २००७ साली एक कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून सरकारनं ठरवलेल्या स्पर्धा कुठल्याही वाहिनीनं विकत घेतल्या तरी त्यांचं चित्र तिनं प्रसार भारतीला, म्हणजे आपल्या दूरदर्शनला, द्यायचं. त्यामुळे ज्यांच्या घरी दरमहा पैसे भरायचं कनेक्शन नाही, ज्यांच्या कौलावर फक्त फ्री डिशची छत्री आहे, त्या घरातल्या मुलांनाही ते सामने पाहता येतात. हादेखील न्यायच की! खेळणाऱ्याला जसा न्याय हवा, तसा पाहणाऱ्यालाही हवा. मात्र यादीत जे नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. तिथे पुन्हा आपले डोळेच उपयोगी पडायचे.

तर मग या आठवड्यात तीन गोष्टी करून पाहा.

पहिली : मैदानात उतरण्याआधी दोन्ही संघांनी मिळून नियम मोठ्यानं म्हणा. लॉबी धरायची की नाही, बोनस आहे की नाही, वाद झाला तर कुणाचा शब्द शेवटचा. आमच्या वर्गातल्या मुलांनी हे सुरू केल्यापासून मधल्या सुट्टीत भांडण कमी आणि खेळ जास्त होतो.

दुसरी : आपल्या बाजूचा खेळाडू खरंच बाद असेल आणि ते फक्त आपणच पाहिलं असेल, तर सांगून टाका. वाळूवर कॅमेरा नसतो. तिथले साक्षीदार आपणच. एक गुण जाईल, पण पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर दुसरा संघही विश्वास ठेवील.

तिसरी : पडद्यावर फारसा न दिसणारा एक खेळाडू शोधा. आपल्या तालुक्यातला असला तर उत्तमच. त्याचा खेळ, त्याचा सराव, त्याची कामगिरी वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा. आईबाबांनो, यात तुमची मदत लागेल. मुलांसोबत एक दिवस क्रिकेटखेरीज दुसरा एखादा सामना पूर्ण पाहा, आणि त्यातले नियम मुलांकडूनच समजून घ्या. त्यांना सांगायला फार आवडतं!

तुम्ही शोधलेल्या खेळाडूचं नाव मला पत्रानं नक्की कळवा. बैलगाड्या जोडता येणार नाहीत, पण टाळ्या वाजवायला आमचा सगळा वर्ग तयार आहे.